तुमच्या बहिणीचा फोटो न काढल्याबद्दल

दांडिया बाजार, बडोदे
९ जानेवारी

राजमान्य राजेश्री संपतराव यांना,

बळवंतरावाचा रामराम. इकडचं क्षेम विचारू नये असं आहे, पण पत्राची सुरुवात रडगाण्यानं करू नये अशी आमच्या आईची शिकवण, म्हणून आधी तुमच्याकडचं विचारतो. गुडघा कसा आहे? थंडीत वळतो का? (पोटची मुलगी डॉक्टर असून तुम्ही गुडघ्याला एरंडाचं पान बांधता हे मला तुमच्या बहिणीनं सांगितलं होतं. त्या बाबतीत माझं मत तुमच्या बाजूचं आहे, पण पूर्वीसमोर मी तसं बोलणार नाही.) वहिनींना नमस्कार. संक्रांत तोंडावर आली तरी यंदा तिळगूळ पाठवत नाही, कारण गोड बोलण्यावरून या घरात आधीच पुष्कळ होऊन गेलं आहे.

कोल्हापूर काही विलायतेत नाही, पत्र कशाला, फोन करायचा, असं तुम्ही म्हणाल. फोन केला होता. तीनदा. तुमच्या घरात फोन ओट्यावर ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि सगळ्यांनी मिळून ऐकायचं अशी पद्धत आहे. मी 'कशी आहेस' म्हटलं की आधी कुकरची शिट्टी ऐकू येते, मग वहिनींचं 'दाजी आहेत वाटतं', मग पूर्वीचं 'नमस्कार काका, काळजी करू नका', आणि सगळ्यांत शेवटी, लांबून, बहुधा कोथिंबीर निवडता निवडता, तुमच्या बहिणीचा आवाज: 'मजेत आहे म्हणावं.' म्हणावं. चौतीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती बायको नवऱ्याला निरोप पाठवते, तोही त्याच फोनवरून. अशा बाईशी मनातलं बोलायचं तर पोस्टाशिवाय मार्ग नाही, आणि तेही तुमच्या नावानं.

तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल ते मी इथे बसून सांगू शकतो. 'ह्यांनी गावातल्या सगळ्या बायकांचे फोटो काढले, माझा तेवढा काढला नाही.' हे वाक्य निघताना तिनं दारात उभं राहून उच्चारलं, समोरच्या फरसाणवाल्याला व्यवस्थित ऐकू जाईल अशा आवाजात. तेव्हापासून तो माणूस मला गाठिये बांधून देताना वर बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मी नकार दिला नव्हता. कॅमेरा बिघडलाय, असं मी म्हणालो होतो. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तुम्ही साखर कारखान्यात तीस वर्षं मीटिंगा चालवल्या आहेत, तुम्हाला तो कळायला हरकत नाही. पण सगळं नीट कळायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

बाईला फोटोसाठी बसवणं हे किती अवघड काम आहे याची लोकांना कल्पना नसते. लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं. अहो, एरवी चार माणसांत खळखळून हसणारी बाई कॅमेरा पाहिला की ताठते आणि पोलिसात जबानी द्यायला आल्यासारखी बघू लागते. तिला समोरासमोर बसवलं की खांदे दरवाजाएवढे दिसतात, म्हणून स्टूल तिरकं, अंग तिरकं, चेहरा तेवढा आपल्याकडे. हात अंगाला चिकटू द्यायचा नाही, चिकटला की दंड दुप्पट दिसतो. (हे बाईला सांगायचं नसतं. मी 'कोपर जरा हवेशीर' असं म्हणतो.) मान किंचित पुढे, मग हनुवटी जरा खाली, दुसरी हनुवटी असली तर ती जागच्या जागी बेपत्ता होते. हाताला काहीतरी काम द्यायचं, पदराचं टोक म्हणा, खुर्चीची पाठ म्हणा. आणि हे सगळं करताना तोंड चालू ठेवायचं. 'वाह, बेन. बहु सरस. असंच. हलू नका. आता बघा, घरचे ओळखायचे नाहीत.' ही माझी वाक्यं ठरलेली आहेत. त्यांत खरंखोटं बघायचं नसतं, न्हाव्याच्या गप्पांत कोण बघतं?

एवढं करून दाद काय मिळते? फोटो हातात घेतला की बाई आधी नाक बघते, मग दंड, मग म्हणते, बाकी ठीक आहे. चौतीस वर्षांत मला मिळालेली सर्वांत मोठी पसंती म्हणजे 'चालशे', आपलं 'चालेल'. आणि आता तर तेही संपलं. एकेकाळी लग्न जमवायचं तर मुलगी माझ्या स्टुलावर बसायचीच. अर्ध्या मराठा आणि पाऊण ब्राह्मण बडोद्याचे संसार माझ्या फोटोंवर सुरू झालेत. (ते पुढे कसे चालले याची जबाबदारी मी घेत नाही.) आता मुली मोबाईलवर स्वतःच स्वतःचे फोटो काढतात, त्यात नाक आपोआप बारीक होतं, आणि मुलाकडचे प्रत्यक्ष बघायला आले की कुणाला बघायला आलोय ते आधी विचारतात.

मला उरलं काय, तर बायका कापायचं काम. दचकू नका. आपल्या घरांतल्या भिंती आठवा. आजोबा एकटे, तलवार घेऊन. वडील एकटे, पगडी घालून, गोल टेबलावर हात ठेवून. काका एकटे, कुत्र्याबरोबर. बायका मात्र नेहमी घोळक्यात, कुणाच्या तरी लग्नात, दुसऱ्या रांगेत, पदर कपाळापर्यंत, मांडीवर कुणाचं तरी रडकं पोर. एकटीचा असा फोटो बाईचा एकदाच निघतो, लग्न ठरण्यापूर्वी, आणि तो मुलाकडचे घेऊन जातात तो परत येत नाही. मग बाई वारली की दुसऱ्या दिवशी मुलगा अल्बम घेऊन माझ्या दारात. यातून आई काढून द्या. मी काढून देतो. शेजारणीचा खांदा पुसतो, मांडीवरचं पोर पुसतो, पदर सरकवून कपाळ दाखवतो, मागे निळं आकाश घालतो, तेराव्याच्या आत फ्रेम तयार. घाईचं काम असतं, कधी काही राहून जातं. इथल्याच अकोटा भागात एका घरात मी अशीच एक म्हातारी काढून दिली, तिच्या कानाला लागून दुसऱ्या कुणाचा तरी कान राहिला. तेराव्याला शंभर माणसांनी त्या तीन कानांच्या बाईला फुलं वाहिली आणि एकानेही माझ्याकडे तक्रार केली नाही. तक्रार करायला फोटोकडे बघावं लागतं.

बघितलं फक्त तिच्या जावेनं, इंदिराबाईंनी. वय ब्याऐंशी. कारभाऱ्यांचं घराणं. (आमच्या पणजोबांनी संस्थानात बंदूक धरली, त्यांच्यांनी लेखणी. बंदूकवाल्यांची पतवंडं आज सिक्युरिटीत नाहीतर स्टुडिओत आहेत, लेखणीवाल्यांची अकोट्यात तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. मुलांच्या हाती काय द्यावं हे एवढ्यावरून कळायला हवं.) त्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी इंदिराबाई आपल्या सुनेला, मृदुलाला, घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत तीन साड्या. म्हणाल्या, माझा आत्ताच काढून ठेवा, मागाहून माझा कुठला भाग कुणाला चिकटेल याचा नेम नाही. मला राग आला, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. बसवलं. दात नव्हते, मान हलत होती, आणि ताठ तर अशा बसल्या की जणू वरून बोलावणं आलंच आहे. तुमच्या बहिणीनं थर्माकोलची फळी धरली होती (ती नेहमी तीच धरते, त्यामुळे चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूवर उजेड पडतो), पदराला पिन लावली, वाकून म्हातारीच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि बाजूला झाली. मी माझी वाक्यं म्हणत होतोच. एकाएकी म्हातारी हसली. ओठ मिटूनच, पण डोळ्यांत असं काही आलं की मी बटण दाबलं, आणि असा फोटो आपल्या हातून पुन्हा निघायचा नाही हे मला तिथेच कळलं.

फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. नाक पाहिलं नाही, दंड पाहिला नाही. मग सुनेला म्हणाल्या, 'मृदुला, हाच लावायचा. आता मी कधीही जायला मोकळी.' संपतराव, आयुष्यभर ज्या कौतुकाची वाट बघितली ते असं आलं. अशा वेळी कलावंतानं काय म्हणायचं असतं? मी थँक्यू म्हणालो.

पुढचं सगळं त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवानं केलं. इंदिराबाई तो फोटो पर्समध्ये घालून घरोघर गेल्या आणि वाण लुटावं तसा दाखवत सुटल्या. महिन्याभरात माझ्या दाराशी सत्तरीच्या पुढच्या बायकांची ये-जा सुरू झाली. अकोट्याच्या, गोत्रीच्या, तरसालीहून रिक्षा करून आलेल्या. मराठी आल्या, मग त्यांच्या गुजराती शेजारणी आल्या. आणि कौतुक तरी किती. एक म्हणाली, मुलांना रडू आल्याशिवाय राहणार नाही असा आलाय. दुसरी म्हणाली, आता सूनबाईला रोज उदबत्ती लावावीच लागेल. तिसरी चष्मा पुसून बघत म्हणाली, हार घातल्यावर आणखी खुलेल. जिवंत बायका, माझ्यासमोर बसून, चहा पीत हे बोलायच्या आणि खूश होऊन जायच्या. सबंध हयात बाईला तरुण दाखवायची विद्या शिकण्यात घालवली, आणि नाव झालं ते यात.

इंदिराबाई आठ महिन्यांनी गेल्या. झोपेत, काही त्रास नाही. तेराव्याचं बोलावणं मला आलं, आणि मी गेलो हीच चूक. फोटो खुर्चीवर ठेवलेला, मोगऱ्याचा हार, आणि त्यासमोर ही गर्दी. लोक नमस्कार करून पुढे सरकेनात, उभे राहून बघतच होते. मृदुलानं मला हाताला धरून पुढे नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, हे ते बळवंतराव. मग जी दाद सुरू झाली ती पंगतीत पान मांडेपर्यंत. माझ्या पानात बुंदी पडत होती आणि शेजारचे गृहस्थ आपल्या आईसाठी माझी तारीख घेत होते. निघताना दारात एक बाई मला म्हणाल्या, 'फोटो लाभला हो त्यांना.' काय लाभला, ते मला अजून समजलेलं नाही.

तर अशा एकूण चौदा बायका मी बसवल्या. त्यांपैकी पाच आता भिंतीवर आहेत. वयं बघता यात काही विशेष नाही, हे मला कळतं. पण गावाला कळत नाही. गेल्या गणपतीत आमच्या मंडळाचा फोटो घ्यायला मी कॅमेरा वर केला तर पहिल्या रांगेतले सुभानराव पाणी प्यायला म्हणून उठले ते आरती संपली तरी परत आले नाहीत. मी हसण्यावारी नेलं. (देवेंद्रला कॅनडात फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, यावर रील करा. मुलाला शिकवून हा उपयोग.) हसण्यावारी नेलं खरं, पण सांगायचं ते सांगून टाकतो. त्यानंतर दर वेळी बटण दाबताना माझं बोट एक क्षण अडायला लागलं. चोराच्या मनात चांदणं, तसं काहीतरी. तुमच्या बहिणीला हे मी सांगितलं नाही. ती मला हसली असती.

डिसेंबरात तिचा रिपोर्ट आला. तो तुम्ही पाहिला आहे, पूर्वीनं तर तोंडपाठ केला असेल. पोटात गाठ आहे, काढायची, काढून तपासायची, नव्वद टक्के साधी असते असं इथला डॉक्टर म्हणाला. उरलेले दहा टक्के घरी नेऊन कुठे ठेवायचे ते काही त्यानं सांगितलं नाही. ऑपरेशन पूर्वीच्या देखरेखीखाली कोल्हापुरात करायचं, एकवीस जानेवारीला, आणि आठ दिवस आधी आम्ही दोघांनी निघायचं असं ठरलं. तिकिटं दोन काढली होती. त्या संध्याकाळी तुमची बहीण गच्चीवरचे कपडे काढत होती, मी चिमटे गोळा करत होतो, तेव्हा ती चादरीची घडी घालता घालता म्हणाली, 'जायच्या आधी मला एकदा बसवा. इंदिराबाईंसारखा काढा. मला तीन कान नकोत.' कुणी भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज. मी म्हणालो, कॅमेरा बिघडलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोत्रीच्या हंसाबेन आल्या, ठरवून, नातवाच्या लग्नासाठी फोटो काढायला. कॅमेरा उत्तम चालला. तुमच्या बहिणीनं फळी धरली, हंसाबेनच्या कानात नेहमीप्रमाणे पुटपुटली, मला मात्र एक शब्द बोलली नाही. हंसाबेन गेल्यावर तिनं फळी भिंतीला टेकवून ठेवली, आत गेली, हिरव्या काठाची साडी नेसून आली आणि स्टुलावर बसली. तिरकी. चेहरा माझ्याकडे. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, 'वाह, असंच, हलू नका.' बायकोला 'नका'. ती म्हणाली, 'ही वाक्यं चौतीस वर्षं ऐकतेय मी. माझ्यासाठी एखादं वेगळं असलं तर बोला, नसलं तर गप्प काढा.'

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. तिला काही म्हणजे काही सांगावं लागत नव्हतं. कोपर कुठे, मान कुठे, सगळं जागच्या जागी; माझी विद्या माझ्यापेक्षा तिला जास्त येते. फोटो फार चांगला येणार होता. इंदिराबाईंपेक्षा चांगला. आणि मला एकदम दिसायला लागलं की हा लोक कुठे लावतील. आमच्या बैठकीत घड्याळाच्या शेजारी, तिथे खिळा आहेच. खाली उभे राहून लोक म्हणतील, लाभला. माझं बोट अडलं ते अडलंच. तिला त्या स्टुलावरून उठवायचं, लगेच उठवायचं, एवढंच मला सुचत होतं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, 'तुझा चेहरा फोटोला चालत नाही.'

हे वाक्य कागदावर लिहिताना जेवढं वाईट दिसतंय तेवढं तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, आता ही भांडेल, माझं सगळं खानदान काढेल, आणि विषय मागे पडेल. ती 'बरं' म्हणाली. भांडणाऱ्या बाईला मी चौतीस वर्षं तोंड दिलेलं आहे, पण 'बरं' म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बॅग भरली. माझं तिकीट रद्द करायला सांगितलं, स्वतःसाठी दुसरं काढलं. मी म्हटलं, मी येतो. तर म्हणाली, 'नको. तुम्हाला बघून वॉर्डातल्या बाकीच्या बायका घाबरतील.' मला हसू आलं. ती हसत नव्हती हे मला जरा उशिरा दिसलं. त्यानंतर ते फरसाणवाल्याला ऐकवलेलं वाक्य, आणि रिक्षा.

हे सगळं असं झालं आहे. आता यात माझी चूक किती, ते तुम्ही ठरवा; तुम्ही तिच्या बाजूनं ठरवणार हे गृहीत धरून मी लिहितो आहे. इथे माझं बरं चाललं आहे. सकाळी गाठिये, दुपारी गाठिये, रात्री खिचडी, ती तळाला लागते. गच्च्यांवर आत्तापासून पतंगवाले ओरडताहेत, शेजाऱ्यांनी उंधियूचा डबा पाठवला, त्याबरोबर 'बेन क्यारे आवशे' अशी चौकशीही पाठवली. ती कधी येणार हे त्यांना सांगता येत नाही, म्हणून डबा परत द्यायला मी जात नाही. धंद्याचं म्हणाल तर तिच्यामागे चार बायका बसवल्या, चारही फुकट गेल्या. तेच स्टूल, तोच कॅमेरा, तीच माझी वाक्यं, फळी दोरीनं खुर्चीला बांधली होती. चौघीही जबानी द्यायला आल्यासारख्या. एक तरसालीच्या कुसुमावतीबाई, एरवी अतिशय सभ्य, फोटो बघून म्हणाल्या, बळवंतराव, हा लावला तर मी परत येईन. देवेंद्रचा रोज एक मेसेज येतो, बाबा, सॉरी म्हणा. त्याला वाटतं ते बटण दाबण्याइतकं सोपं आहे.

असो. नाचता येईना अंगण वाकडं असं तुम्ही म्हणण्याआधी मीच थांबतो. लिहिण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते तुमच्या बहिणीचं वळण समजा, आमच्याकडे सरळ बोलायची पद्धत होती. थंडी आहे, गुडघा झाकून ठेवा. वहिनींना पुन्हा नमस्कार, पूर्वीला आशीर्वाद.

तुमचा,
बळवंतराव

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तुमची बहीण तिथे कुणाकडून तरी फोटो काढून घेईल, मी तिला ओळखतो. पूर्वीला सांगा, मोबाईल वर करायचा नाही. तुमच्या चौकातल्या फोटोवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका, तो समोरून फ्लॅश मारतो आणि माणूस दुसऱ्याच्या शेतात उसाला हात घालताना पकडल्यासारखा दिसतो. तुमच्या साठीचे फोटो एकदा काढून बघा म्हणजे पटेल. हे मी केवळ धंद्याच्या दृष्टीनं सांगतोय.

ता. ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात हंसाबेन फोटो न्यायला आल्या. 'बेन क्यां छे?' मी म्हटलं, माहेरी. त्यांच्या फोटोत तेच हसू होतं, म्हणून मी विचारलं, बेन त्या दिवशी तुमच्या कानात काय म्हणाली? आधी सांगेनात. मग पदर तोंडाला लावून सांगितलं. तुमची बहीण म्हणे प्रत्येकीला एकच गोष्ट सांगते: 'कॅमेऱ्याकडे बघू नका, त्या माणसाकडे बघा. बिचाऱ्याला वाटतंय, त्याच्या बोलण्यानं तुम्ही खुलताय.' म्हणजे इंदिराबाई, आणि त्यांच्यानंतरच्या सगळ्या, त्या भिंतींवरून मला हसताहेत. वर लिहिलेलं माझ्या विद्येबद्दलचं सगळं त्यामुळे रद्द समजावं. खोडून पुन्हा लिहीत नाही, सहा पानं झाली आहेत.

आणखी एक. हे पत्र तिला दाखवू नका असं लिहिणार होतो. पण तुमच्याकडे पत्रही सगळ्यांनी मिळूनच वाचत असणार, आणि खरं सांगायचं तर तुमच्या गुडघ्यासाठी मी सहा पानं लिहिलेली नाहीत. तेव्हा कुकर बंद करा आणि एवढं तिला मोठ्यानं वाचून दाखवा:

संयोगिता, मी खोटं बोललो. कॅमेऱ्याबद्दलही आणि चेहऱ्याबद्दलही. तू तिथे बसलीस आणि मला भीती वाटली, एवढंच झालं, आणि तेवढं बोलता आलं नाही. एकोणीसला सकाळी पोचतोय, तू नको म्हणालीस तरी. कॅमेरा आणतोय. पण एकवीसच्या आधी काढणार नाही, तू कितीही चांगली साडी नेसून बसलीस तरी नाही. ऑपरेशन होऊ दे, डोळे उघड, मग काढीन, केस विस्कटलेले असले तरी काढीन. तुला फोटो हवा असेल तर शुद्धीवर यावं लागेल.